गाठीला पैसा असलेले कायदे

महाराष्ट्रातल्या पगारदार माणसाच्या पगारपत्रकावर ‘पी. टी.’ नावाची एक कपात असते. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे मिळून २,५००. रक्कम इतकी किरकोळ की आयकराच्या नावाने बोटे मोडणारेही तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. हा व्यवसाय कर. १९७५ साली तो बसला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या नोकरदाराने, वकिलाने, डॉक्टरने गावाकडच्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीतला थोडा वाटा उचलावा, असा त्यामागचा हिशेब होता. आज ज्यांच्या पगारातून तो कापला जातो, त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

गरीब, आजारी, निराधार, असंघटित माणसांसाठी राज्याने काय करावे याचे कायदे महाराष्ट्रात गेल्या पन्नास-साठ वर्षांत बरेच झाले. त्यांतले थोडेच सरकारला आपणहून सुचले. बहुतेकांच्या मागे कुठली तरी संघटना, एखादी संस्था, दोन-चार चिवट माणसे आणि एखादा मनावर घेतलेला आमदार आहे. या खटाटोपाकडे पाहताना माझे एक मत झाले आहे. ज्या कायद्याच्या गाठीला स्वतःचा पैसा बांधलेला होता, तो सरकारे बदलली तरी टिकला. ज्याला दरवर्षी अर्थसंकल्पापुढे हात पसरावा लागला, त्याचे हाल झाले. आपल्या संस्था कलमांवर जेवढे भांडल्या, तेवढे पैशाच्या वाटेवर भांडल्या नाहीत.

रोजगार हमीचेच पाहा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात १९६५च्या सुमारास ही कल्पना आधी छोट्या प्रमाणावर राबवून पाहिली होती. १९७२च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली. मग कायदा व्हावा म्हणून दबाव वाढला. १९७७ साली विधिमंडळाने तो केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. हा भत्ता सुरुवातीला दिवसाला १ रुपया होता, यावर हसू येईल. पण आपली चूक झाली तर आपणच भरपाई द्यायची, हे सरकारने कायद्यात लिहून दिले ही गोष्ट मोठी होती. त्याहून मोठी गोष्ट निधीच्या कलमात होती. व्यवसाय कर आणि इतर काही करांतून जेवढे जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या पदरची घालायची. वित्त विभागाचा मूड कसा आहे, यावर योजना अवलंबून राहिली नाही.

शहाद्याच्या श्रमिक संघटनेसारख्या संघटनांनी लोकांना काम मागायला शिकवले, अर्जाची पोच घ्यायला शिकवले. कायदा कागदावरून बांधावर आणण्याचे श्रेय त्यांचे. सगळे गोड झाले असे नाही. १९८८मध्ये किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले, रोजगार हमी योजनेची (रोहयोची) मजुरी त्याला जोडलेली होती, आणि पुढच्या काळात कामाचे दिवसच घटले. मजुरी वाढवण्यासाठी लढलेल्यांना हा धक्का होता. हमी कायद्यात होती, पण कामे काढणे किंवा न काढणे कलेक्टर कचेरीच्या हातात होते. पुढे २००५ साली केंद्राने याच धर्तीवर देशासाठी कायदा केला, मजुरीचा मोठा भार दिल्लीने घेतला. व्यवसाय कर मात्र कापला जातोच आहे. तो पैसा आता नेमका कुठे जातो, हा प्रश्न विधिमंडळात अधूनमधून विचारला जातो आणि पुढच्या अधिवेशनापर्यंत विसरला जातो.

रोहयोच्याही आधीचा नमुना माथाडींचा. १९६९चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या लढ्यांतून आला. याला स्वयंसेवी संस्थांचे काम म्हणणे जुलमाचे होईल, ते कामगार चळवळीचेच काम. पण इथे त्याचा उल्लेख टाळता येत नाही, कारण असंघटित माणसासाठी राज्याने केलेली इतकी हुशार रचना दुसरी सापडत नाही. हमालाला ठरलेला असा एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. मग व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने हमालाला पगार द्यायचा आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, दवाखाना चालवायचा. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार तिघेही. या मंडळांत पुढे काय काय शिरले, खंडणीच्या तक्रारी कशा वाढल्या, हे बाजार समितीत पाय ठेवणाऱ्याला सांगावे लागत नाही. तरीही ज्याच्या पाठीवर पोते होते त्या माणसाच्या नावावर फंड जमा झाला.

आता याच्याशेजारी घरकामगारांचा कायदा ठेवा. पुण्यात १९८०मध्ये मोलकरणींनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली. नंतर मुंबई, नागपूर, कोल्हापूर अशा ठिकाणी वेगवेगळ्या संघटना, चर्चशी जोडलेल्या संस्था, डाव्या पक्षांच्या आघाड्या या प्रश्नावर काम करू लागल्या. जवळपास तीन दशकांच्या मोर्चांनंतर २००८चा घरकामगार कल्याण मंडळ कायदा आला. पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच होते. धुणीभांडी करणाऱ्या बाईला राज्याने पहिल्यांदाच कामगार म्हटले. पण माथाडीसारखी लेव्ही त्यात नव्हती. चार घरी काम करणारी बाई आणि वेगवेगळ्या गाळ्यांवर ओझी वाहणारा हमाल यांची अडचण एकच, पण तिला काम देणाऱ्या घरांवर सक्तीची वर्गणी बसवायला कोणी तयार झाले नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. ते मालक म्हणजे आपण. आमदार, सचिव, संपादक, प्राध्यापक, अगदी संस्थांचे विश्वस्तसुद्धा. व्यापाऱ्यावर लेव्ही बसवणे सोपे, स्वतःच्या स्वयंपाकघरावर अवघड.

मग व्हायचे तेच झाले. मंडळ सरकारी अनुदानावर राहिले. मंडळावर सदस्यच नेमलेले नाहीत अशी वर्षे गेली. नोंदणी करायची, दरवर्षी तिचे नूतनीकरण करायचे, आणि त्यासाठी एका दिवसाचे काम बुडवून कामगार आयुक्तालयात रांग लावायची. बदल्यात काय मिळते हे कोणी नक्की सांगेना. नोंदण्या गळत गेल्या. २०२१च्या टाळेबंदीत सरकारने नोंदीत घरकामगारांना १,५०० रुपये जाहीर केले तेव्हा त्या ‘नोंदीत’ शब्दाची किंमत कळली. वर्षभर सोसायट्यांच्या फाटकांवर अडवल्या गेलेल्या असंख्य बायकांचे नाव कुठल्याच वहीत जिवंत नव्हते.

विधिमंडळात ही कामे होतात कशी, याबद्दल बाहेर बरेच गैरसमज आहेत. मोर्चा निघतो, मंत्री निवेदन घेतात, कायदा होतो, असे कोणाला वाटत असेल तर त्याने एखाद्या अधिवेशनात संस्थेच्या कार्यकर्त्याबरोबर चार दिवस काढावेत. नागपूरचे हिवाळी अधिवेशन हे मोर्चांचे पंढरपूर. मोर्चा ठरल्या जागी अडवला जातो, पाच जणांचे शिष्टमंडळ आत जाते, बाकीचे रस्त्यावर बसून राहतात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी याच शहरात गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. निवेदन घ्यायला कोणी वेळेवर आले नाही, एवढ्या एका गोष्टीची किंमत किती असते ते त्या दिवशी दिसले.

खरे काम मोर्चाच्या आधी आणि नंतर होते. कोणत्या आमदाराचा तारांकित प्रश्न लागणार, लक्षवेधी कोणाच्या नावाने द्यायची, पुरवणी मागण्यांत तो विभाग कोणत्या दिवशी येतो, कपात सूचना कोण मांडेल. आमदाराला दोनशे पानांचा अहवाल नको असतो. त्याला एक पान हवे असते: चार आकडे, त्यांतला एक त्याच्या मतदारसंघाचा, आणि मंत्री काय उत्तर देतील त्यावरचा उपप्रश्न. ‘समर्थन’ या मुंबईच्या संस्थेने राज्याच्या अर्थसंकल्पाची चिरफाड करून आमदारांना असे साहित्य पुरवण्याचे काम वर्षानुवर्षे केले. आदिवासींसाठी ठेवलेला पैसा कुठे वळला, हे सभागृहात उठून विचारायचे तर आधी कोणाला तरी अर्थसंकल्पाचे ते ठोकळे चाळावे लागतात. हे कंटाळवाणे काम आहे, त्याला देणगीदार मिळत नाहीत आणि फोटोही निघत नाही. माझ्या मते मोर्चाइतकेच ते मोलाचे आहे.

अशासकीय विधेयकाचेही तसेच. ते मंजूर होईल या आशेने कोणी मांडत नाही. सरकारला तोंड उघडायला लावण्याचा तो मार्ग आहे. १९८६मध्ये मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर, शास्त्रज्ञ यांनी मिळून गर्भलिंग चाचणीविरोधी मंच उभा केला. त्याच सुमारास झालेल्या एका पाहणीत मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण लिंग कळण्यासाठी गर्भजल तपासणी करत असल्याचे दिसले. मृणाल गोरे यांनी विधानसभेत अशासकीय विधेयक आणले, मंचाने रस्त्यावर आणि वर्तमानपत्रांत विषय पेटता ठेवला, आणि १९८८मध्ये सरकारने स्वतःचा कायदा केला. देशातला असा पहिलाच. मात्र कायदा हातात आला तेव्हा मंचातल्यांचे चेहरे पडले. खासगी प्रयोगशाळांना नोंदणी करून चालू राहण्याची मुभा होती. चाचणी करून घेणारी बाईही शिक्षेच्या कक्षेत होती. आणि सामान्य नागरिकाला थेट न्यायालयात जाता येत नव्हते. मागितले ते मिळाले होते, पण त्याचे दात काढून.

पुढची गोष्ट माहीत आहे. १९९४चा केंद्रीय कायदा आला, तोही बरीच वर्षे झोपला. २०००मध्ये सेहत, मासूम या महाराष्ट्रातल्या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी गांभीर्याने सुरू झाली आणि २००३मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तोवर आकडे बोलत होतेच. राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१मध्ये ९४६ होत्या, २००१मध्ये ९१३, २०११मध्ये ८९४. कायद्याच्या बाबतीत देशात पहिला नंबर काढणाऱ्या राज्याचे हे प्रगतिपुस्तक. साताऱ्याकडच्या कार्यकर्त्यांनी बनावट गिऱ्हाईक पाठवून डॉक्टर पकडून दिले, म्हणजे जे काम समुचित प्राधिकाऱ्याने करायचे ते साध्या गृहिणींनी पोटुशा बाईला सोबत घेऊन केले.

माहितीच्या अधिकाराची कथा थोडक्यात: २०००चा राज्याचा कायदा इतका पोकळ होता की तो बदलावा म्हणून अण्णा हजारे यांना ऑगस्ट २००३मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसावे लागले. जादूटोणाविरोधी कायद्याची कथा थोडक्यात सांगवत नाही. १९९५पासून नरेंद्र दाभोलकर मसुद्यामागून मसुदे घेऊन फिरले, कलमे छाटली गेली, विधेयक एका सभागृहात मंजूर होऊन दुसऱ्यात बुडाले. २० ऑगस्ट २०१३ला त्यांचा खून झाला आणि जे अठरा वर्षांत झाले नाही त्याच्या वटहुकमाला मंत्रिमंडळाची मंजुरी दुसऱ्या दिवशी मिळाली.

मसुदा, विधेयक, मंजुरी यांवरच सगळ्यांचे डोळे असतात. नियमांकडे कोण पाहतो? खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचा आपला कायदा १९४९चा. २००५च्या सुमारास त्यात दुरुस्ती झाली. त्यानुसारचे नवे नियम, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याची सक्ती यायला जानेवारी २०२१ उजाडला. जन आरोग्य अभियानातली मंडळी एवढी वर्षे दर आरोग्यमंत्र्याला तेच निवेदन देत राहिली. आज हे नियम आहेत. आपल्या जवळच्या रुग्णालयात दरपत्रक कुठे लावले आहे ते विचारून पाहा, मग पुढचे बोलू.

सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनी देखरेख ठेवण्याचा प्रयोग २००७मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत सुरू झाला, ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने. जनसुनवाईत गावकरी उभे राहून विचारत: औषध बाहेरून का आणायला लावले? डॉक्टर कुठे होते? प्राथमिक केंद्रांचा कारभार काही ठिकाणी खरोखर सुधारला. पण देखरेखीचा पैसा ज्याच्यावर देखरेख ठेवायची त्याच खात्याकडून येत होता. अशी व्यवस्था किती दिवस चालेल हे सांगायला ज्योतिषी नको.

संस्थांच्या अंगावरचा अंगरखाही या काळात आवळत गेला. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने अशी देणगी एका संस्थेने दुसरीला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आली. कायद्याचा पाठपुरावा म्हणजे माणसांचा पगार, प्रवास, झेरॉक्स. तो नेमका याच रकान्यात बसतो. मोठ्या संस्था जिल्ह्यातल्या छोट्यांना पैसा देऊन माहिती गोळा करत, ती नळी बंद झाली. सरकारशी भांडणाऱ्यांतले काही मग सरकारचे अंमलबजावणी भागीदार झाले. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही, कार्यकर्त्यालाही घरभाडे असते. पण ज्याचे बिल जिल्हा परिषदेत अडकले आहे, तो लक्षवेधी कशी लावणार?

या सगळ्यात ऊसतोडणी कामगारांची बाजू लक्ष ठेवावी अशी आहे. बीड जिल्ह्यातल्या तोडणी कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९मध्ये गाजल्या. सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. शेतकरी स्त्रियांच्या मकामसारख्या मंचांनी तो विषय धरून ठेवला. कामगारांसाठीच्या गोपीनाथ मुंडे महामंडळाला पैसा मिळावा म्हणून कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच राज्याने घालायचे, असे ठरले. रोहयोचीच युक्ती. फरक एवढा की इथे स्वतंत्र कायदा नाही, सगळे शासन निर्णयावर उभे आहे. संजय गांधी निराधार योजनाही १९८०पासून अशीच शासन निर्णयांवर चालते. तिचे मानधन कधी वाढायचे हे हक्काने नव्हे, मर्जीने ठरते. कारखानदारच ज्या सभागृहात दोन्ही बाकांवर बसतात, तिथे टनामागच्या दहा रुपयांना कायद्याची गाठ मारून घेणे किती कठीण, हे तोडणी कामगारांच्या संघटना जाणून आहेत. तरी मागणी तीच असायला हवी.

जुलै २०२३मध्ये राजस्थानने घरपोच खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या आणि ॲपवर गाडी चालवणाऱ्या कामगारांसाठी कायदा केला. दर व्यवहारामागे कंपनीने एक ते दोन टक्के शुल्क भरायचे, तिघांचे मंडळ ते सांभाळणार. मजदूर किसान शक्ती संघटनेसह ज्यांनी तो करवून घेतला, त्यांच्यासमोर नमुना होता आपल्या माथाडी कायद्याचा. तिथले सरकार त्याच डिसेंबरात बदलले आणि नियम रेंगाळले. कर्नाटकाने २०२५मध्ये एक ते पाच टक्क्यांची तरतूद करून आपला कायदा केला. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर अशी पोरे हजारोंनी धावतात. त्यांच्या संघटनांनी मसुदा लिहायला घेतला तर पहिले कलम व्याख्येचे असेल, ते वकील लिहितील. शुल्काचे कलम मात्र त्यांनी स्वतः लिहावे, आणि चिकित्सा समितीत बाकी सगळे सोडावे लागले तरी तेवढे सोडू नये.