बाळ अजून चालत नाही: वाट कधीपर्यंत पाहायची आणि डॉक्टरांकडे कधी जायचं?

फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ येतो. चुलत जावेचं दहा महिन्यांचं बाळ सोफ्याचा आधार सोडून तीन पावलं टाकतं आणि धपकन बसतं. खाली टाळ्यांच्या इमोजींची रांग लागते. तो व्हिडिओ पाहणाऱ्या एखाद्या घरात मात्र चौदा महिन्यांचं बाळ अजून पलंगाला धरूनच उभं असतं. आई गुगल करायला लागते. सासूबाई म्हणतात, "अगं, याचा बापही दीड वर्षाचा होईपर्यंत चालत नव्हता."

गंमत म्हणजे सासूबाई बरोबर असू शकतात. पण हेच वाक्य ऐकून काही घरांमध्ये उपचाराचे महत्त्वाचे महिने वाया जातात. मग फरक ओळखायचा कसा?

नॉर्मल म्हणजे नेमकं केव्हा?

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला होता: भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोणत्याही टप्प्याला एक 'तारीख' नसते, मोठा कालावधी असतो.

आधाराशिवाय बसणं साधारण 3.8 ते 9.2 महिन्यांदरम्यान येतं. आधाराशिवाय उभं राहणं 6.9 ते 16.9 महिन्यांत. आणि एकट्याने चालणं 8.2 ते 17.6 महिन्यांत. म्हणजे दहाव्या महिन्यात चालणारं बाळ आणि सतराव्या महिन्यात चालणारं बाळ, दोन्ही निरोगी असू शकतात. लवकर चाललं म्हणून हुशार आणि उशिरा चाललं म्हणून मंद, असा हिशोब नसतो.

रांगण्याचं तर आणखी वेगळं. याच अभ्यासात 4 टक्क्यांहून थोडी जास्त मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. काही मुलं बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत घरभर फिरतात आणि मग एकदम उभी राहतात. अशी मुलं बरेचदा उशिरा चालतात आणि पुष्कळदा घरात आधीच्या पिढीतलंही कुणीतरी तसंच सरकत असे. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने 2022 मध्ये आपली यादी सुधारली, तेव्हा त्यातून रांगणं काढूनच टाकलं.

एक हिशोब मात्र सगळे विसरतात. बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल, तर ते दोन महिने वयातून वजा करायचे. जन्मतारखेप्रमाणे चौदा महिन्यांचं असं बाळ विकासाच्या दृष्टीने बारा महिन्यांचं असतं. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत डॉक्टर असंच मोजतात.

मग थांबायचं कुठपर्यंत?

कालावधी मोठा असला तरी त्याला शेवट आहे. चार महिने पूर्ण होऊनही बाळ मान धरत नसेल, नऊ महिने झाल्यावरही आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाचं होऊनही धरून उभं केल्यावर पायांवर भार घेत नसेल किंवा अठरा महिने पूर्ण होऊनही एकट्याने चालत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. "पुढच्या लसीच्या वेळी विचारू" असं म्हणायचं नाही. यापैकी बऱ्याच मुलांना काहीही गंभीर निघत नाही, पण ते तपासल्यावरच कळतं.

पुढे दोन वर्षांच्या आसपास मूल धावतं, चेंडूला लाथ मारतं, हात धरून किंवा न धरता दोन-चार पायऱ्या चढतं. अडीच वर्षांपर्यंत दोन्ही पाय उचलून उडी मारतं. हातांकडेही बघायला हवं. वर्षाच्या आसपास मूल अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत चुरमुरा उचलायला लागतं.

वयापेक्षा 'कसं' जास्त महत्त्वाचं

घरचे लोक बहुतेक वेळा महिने मोजत बसतात. डॉक्टर मात्र मूल हालचाल कशी करतं हे आधी बघतात.

उदाहरणार्थ, आठ महिन्यांचं बाळ प्रत्येक खेळणं उजव्याच हाताने घेतं. डावीकडे ठेवलं तरी उजवा हातच पुढे येतो आणि डाव्या हाताची मूठ मिटलेली राहते. घरात कौतुक होतं की बाळ आतापासूनच 'उजवं' आहे. पण वर्षाच्या आत मुलं सहसा दोन्ही हात सारखेच वापरतात. इतक्या लवकर एकाच हाताचा हट्ट दिसला, तर दुसऱ्या हातात अशक्तपणा आहे का, हे तपासावं लागतं. सेरेब्रल पाल्सीच्या एका प्रकाराची ही सुरुवातीची खूण असू शकते.

अंग फार ढिलं लागणं, उचलताना बाळ हातातून निसटेल असं वाटणं, किंवा उलट पाय इतके ताठ की लंगोट बदलताना मांड्या उघडत नाहीत, सतत चवड्यांवर चालणं, एका बाजूला लंगडणं: यातलं काही असेल तर अठरा महिन्यांची वाट पाहायचीच नाही. लंगडण्यामागे कधी कधी जन्मापासून खुब्याचा सांधा निसटलेला असतो आणि तो जितक्या लवकर सापडतो तितके उपचार सोपे राहतात.

सगळ्यात मोठी धोक्याची घंटा म्हणजे आलेलं कौशल्य जाणं. कालपर्यंत बसणारं बाळ आता बसत नाही, पावलं टाकणारं मूल पुन्हा रांगायला लागलं आणि तसंच राहिलं, तर वय कितीही असो, लगेच डॉक्टर.

अशा मुलांमध्ये आपल्याकडे एक कारण आवर्जून आठवावं लागतं, ते म्हणजे बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता. आई शाकाहारी असेल, तिच्याच शरीरात बी-12 कमी असेल आणि बाळ बराच काळ फक्त अंगावरच्या दुधावर असेल, तर दुधातूनही ते पुरेसं मिळत नाही. बाळ फिकट दिसतं, हसणं कमी होतं, बोटांच्या सांध्यांवर काळसरपणा येतो, प्रगती थांबते किंवा उलटी जाते. कधी हात थरथरतात. वेळेत ओळखलं तर बी-12 दिल्यावर सुधारणा लवकर दिसते, उशीर झाला तर मेंदूच्या वाढीवर परिणाम राहू शकतो. यात आईच्या दुधाचा दोष नाही, दूध बंद करायचं नाही. उपचार दोघांवर करायचे.

ड जीवनसत्त्व कमी पडून होणारा मुडदूस आणि जन्मजात थायरॉईडची कमतरता हीसुद्धा उपचार होऊ शकणारी कारणं आहेत.

मुलगा चालतो, पण वारंवार पडतो

ही गोष्ट सगळ्यात उशिरा लक्षात येते. मुलगा उशिरा चालायला लागतो, पुढे धावताना मागे पडतो, जिना चढताना दमतो. जमिनीवरून उठताना आधी हात टेकतो, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात ठेवत जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात, त्यामुळे अशक्तपणाची शंकाच येत नाही.

हे डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराचं लक्षण असू शकतं. हा आजार प्रामुख्याने मुलांना होतो, मुलींना क्वचित. म्हणूनच दीड वर्षाचा होऊनही न चालणाऱ्या मुलाची सीपीके ही रक्ततपासणी करायला सांगितली जाते. या आजारात एसजीपीटीसुद्धा वाढलेलं येतं आणि काही मुलांच्या बाबतीत यकृताच्याच तपासण्या होत राहतात.

आजार पूर्ण बरा होत नाही, मग लवकर कळून काय फायदा? फायदा दोन बाजूंनी आहे. औषधं आणि व्यायामाने चालणं काही वर्षं टिकवता येतं. आणि आई या जनुकाची वाहक असू शकते, त्यामुळे दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी कुटुंबाला जनुकीय सल्ला घेता येतो. पहिल्या मुलाचं निदान होईपर्यंत दुसरा मुलगा जन्मलेला असतो, अशी घरं आहेत.

वॉकर आणायचा का?

नाही. चाकांच्या वॉकरमध्ये बसवलेलं बाळ पायाच्या बोटांनी ढकलत फिरतं, त्यात तोल सांभाळायला ते शिकत नाही. शिवाय जिन्यावरून कोसळणं, गरम चहापर्यंत हात पोहोचणं हे अपघात वेगळेच. कॅनडाने 2004 मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा याहून बरा, कारण तो बाळाला उभं राहून स्वतःच ढकलावा लागतो (लक्ष ठेवावं लागतंच).

बाळाला खरी गरज जमिनीची असते. जागं असताना पालथं ठेवणं, अनवाणी फिरू देणं, खेळणं थोडं लांब ठेवणं. दिवसभर कडेवर किंवा मोबाईलसमोर खुर्चीत बसवलेल्या बाळाला सराव मिळणार कुठून?

जायचं कुठे?

पहिला मुक्काम बालरोगतज्ज्ञ. जाताना जन्माच्या वेळचे कागद, माता-बाल संरक्षण कार्ड आणि मोबाईलमध्ये बाळाच्या बसण्या-उठण्याचे दोन-तीन व्हिडिओ न्या. दवाखान्यात बाळ रडायला लागलं की काहीच करून दाखवत नाही, तेव्हा व्हिडिओ कामी येतो. "जरा वाट पाहू" असं सांगितलं, तर "किती आठवडे, आणि तोपर्यंत काय दिसायला हवं?" हे तिथेच विचारून घ्या.

खासगी खर्च परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये तो पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. विकासात उशीर वाटला तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. तिथल्या तपासण्या आणि थेरपी मोफत असतात. पथक कधी येणार, हे अंगणवाडी सेविकेला विचारता येतं.

आजाराचं नाव कळायला कधी कधी महिने लागतात. फिजिओथेरपी मात्र नाव कळण्याआधीच सुरू करता येते, आणि ती कशी द्यायची हे आई-वडिलांनाही शिकवतात, कारण आठवड्यातला थेरपिस्टचा वेळ एखाद-दोन तासांचा, बाकीचा सगळा घरचाच.