एक नांव, दोन फोल्डर

एकत्र कुटुंबांत एक प्रसंग पुष्कळदां घडत असे. आजोबा वारले, आणि वर्षाच्या आंत दोन सुनांना मुलगे झाले. दोघीही आपापल्या माहेरीं होत्या; दोघींनींही बाळाला आजोबांचेंच नांव ठेविलें. एकीची बातमी दुसरीला पोंचण्यापूर्वींच दोन्ही बारशीं उरकलीं. पुढें दोन्ही बाळें एका घरांत आलीं, तेव्हां थोरला आणि धाकटा अशी जोड देऊन त्यांना हांका मारण्याची पाळी आली. नांव एक होतें, जीव दोन होते. आणि केवळ नांव एक आहे म्हणून कोणीं एका बाळाला घराबाहेर काढलें नाहीं. संगणकांच्या व्यवहारांतही हुबेहूब असाच प्रसंग येतो. तेथें मात्र घाईघाईनें एका बाळाला बाहेर काढणारीं माणसें वारंवार आढळतात, आणि आपण काय गमाविलें हें त्यांना फार उशिरां कळतें.

मोठ्या कचेरीचें सारें दप्तर हल्लीं सर्व्हर नांवाच्या यंत्रांत असतें. कचेरीच्या शाखा निरनिराळ्या गांवीं असल्या म्हणजे प्रत्येक शाखेंत एक सर्व्हर ठेवितात, आणि सर्वांवर त्याच फाइली त्याच फोल्डरांत सारख्या राहतील अशी योजना करितात. एका ठिकाणीं पत्र लिहिलें कीं त्याची प्रत आपोआप इतर ठिकाणीं पोंचते. एका ठिकाणीं तें काढून टाकलें कीं सगळीकडून निघून जातें. या व्यवस्थेस रेप्लिकेशन असें नांव आहे. मराठींत तिला प्रतिरूपण म्हणतां येईल. एक यंत्र बंद पडलें तरी दुसऱ्यावरून काम चालतें, आणि दूरच्या शाखेस प्रत्येक कागदासाठीं वाट पाहावी लागत नाहीं, हे तिचे उघड फायदे आहेत. परंतु या व्यवस्थेंत एक धनी आणि बाकीचे नकलनवीस असा भेद नसतो. प्रत्येक सर्व्हर स्वतः लिहूं शकतो आणि दुसऱ्याचें लिहिलेलें उतरूनही घेतो. सोयीचें मूळ येथेंच आहे, आणि तंट्याचेंही.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २००० सालीं विंडोज २००० ही प्रणाली बाजारांत आणली. तिच्या सर्व्हरांवर हें काम फाइल रेप्लिकेशन सर्व्हिस, संक्षेपानें एफआरएस, या योजनेकडे सोंपविलेलें होतें. कचेरींतील सर्व संगणकांना लागू होणारे नियम, आणि कर्मचारी लॉग-इन करतांना आपोआप चालणाऱ्या आज्ञावली, ‘सिसव्हॉल’ नांवाच्या फोल्डरांत असतात. त्याच्या प्रती मुख्य सर्व्हरांवर सारख्या ठेवणें हें एफआरएसचें प्रमुख कर्तव्य होतें. तिची कार्यपद्धति समजण्यास कठीण नाहीं. डिस्कवरील एनटीएफएस ही रचना प्रत्येक बदलाची नोंद एका रोजकीर्दींत करीत असते. एफआरएस ती रोजकीर्द वाचून काय बदललें हें ठरवी, आणि शेजारच्या सर्व्हरास तसें कळवी. हें करतांना ती नांवावर विसंबून राहत नसे. प्रत्येक फाइलीस आणि फोल्डरास १२८ बिटांचा एक स्वतंत्र ओळखक्रमांक दिलेला असे. जन्मपत्रिकेची उपमा त्याला शोभेल: नांव बदललें किंवा जागा बदलली, तरी पत्रिका तीच राहते.

आतां तंटा कसा उद्भवतो तें पाहावें. समजा, दोन शाखांमधील तार कांहीं वेळ तुटलेली आहे. त्याच सकाळीं एका शाखेंतील कारकुनानें ‘वार्षिक हिशेब’ या नांवाचा फोल्डर निर्माण केला, आणि दुसऱ्या शाखेंतील कारकुनानेंही नेमकें तेंच केलें. दोघांचीही चूक नाहीं. परंतु दोन फोल्डरांना दोन निरनिराळे ओळखक्रमांक मिळाले. तार पुन्हां जोडली गेली, तेव्हां प्रत्येक सर्व्हरापुढें पेंच पडला. कारण एकाच जागीं एकाच नांवाचे दोन फोल्डर राहूं शकत नाहींत. फाइलीच्या बाबतींत असा वाद आला तर ज्याचें लेखन शेवटचें त्याची प्रत टिके. फोल्डराच्या पोटांत मात्र शेंकडों फाइली असूं शकतात. तेथें हा न्याय फार महाग पडला असता. म्हणून एफआरएसनें निराळा मार्ग स्वीकारला होता. जो फोल्डर आधींपासून जागेवर आहे त्याचें नांव ती राखी, आणि जो मागून आला त्याच्या नांवाला ‘_एनटीएफआरएस_’ हीं अक्षरें व त्यांपुढें आठ अंकाक्षरें जोडी. हें शेपूट लागलेलें नांव मग सर्व सर्व्हरांवर पसरत असे.

हें विचित्र नांव प्रथम दृष्टीस पडलें म्हणजे मनुष्य दचकतो. कोणास तो यंत्राचा बिघाड वाटतो, कोणास व्हायरसचा उपद्रव वाटतो, आणि पुष्कळांना तो निव्वळ केरकचरा वाटतो. वस्तुतः तें यंत्राच्या सावधपणाचें चिन्ह होय. दोहोंपैकीं कोणता खरा हें ठरविण्याचा अधिकार आपला नाहीं, एवढें जाणून त्यानें दोन्ही जतन केलेले असतात. शेपटीचा अर्थ इतकाच कीं हा फोल्डर मागून पोंचला. त्यांतील मजकुराचें मोल त्यावरून मुळींच कळत नाहीं. साध्या नांवाचा फोल्डर रिकामा असावा, आणि शेपटीच्या फोल्डरांत वर्षभराचे हिशेब असावेत, हें अगदीं शक्य आहे. सिसव्हॉलमध्यें असें झालें तर संगणक साध्या नांवाच्या फोल्डरांत नियम शोधतात, तेथें कांहीं मिळत नाहीं, आणि कचेरीचे नियम कोणतीही आरडाओरड न होतां लागू होण्याचे थांबतात. अशा वेळीं शेपटीचा फोल्डर केर समजून पुसून टाकला, तर तें पुसणेंही तत्परतेनें सर्व शाखांत पोंचतें. प्रतिरूपण म्हणजे रक्षण नव्हे. चांगल्या कामाची नक्कल तें ज्या निष्ठेनें करितें, त्याच निष्ठेनें चुकीचीही करितें.

म्हणून तंटा सोडवितांना क्रम पाळणें अवश्य आहे. प्रथम त्या फोल्डरांतील सर्वांचें काम थांबवावें, आणि दोन्ही फोल्डरांची एकेक प्रत या व्यवस्थेच्या बाहेर, वेगळ्या जागीं, काढून ठेवावी. नंतर सर्व्हरांमधील दळणवळण सुरळीत आहे कीं नाहीं हें तपासावें. त्यासाठीं एका सर्व्हरावर एक लहानशी फाइल ठेवून ती इतर सर्वांवर पोंचते कीं नाहीं हें पाहिलें तरी पुरे. मार्गच बंद असेल तर केलेली दुरुस्ती पोंचणार नाहीं, आणि जुन्या तंट्यांत नव्याची भर पडेल. त्यानंतर दोन्ही फोल्डर उघडून त्यांतील फाइली, त्यांच्या तारखा व त्यांचे आकार ताडून पाहावेत, आणि ज्यांचें काम त्यांत आहे त्या माणसांना विचारावें. दोहोंत निरनिराळा मजकूर असेल तर तो एकत्र करावा लागतो; तें यंत्राचें काम नव्हे.

मजकुराचा निर्णय झाल्यावर नांवाचा प्रश्न येतो, आणि येथेंच घाई नडते. शेपटीच्या फोल्डराला एकदम साधें नांव देऊं नये. एकाच सर्व्हरावर बसून दोन्ही फोल्डरांना तात्पुरतीं, एकमेकांपासून भिन्न अशीं नांवें द्यावीं. किंवा दोन्ही फोल्डर प्रतिरूपणाच्या कक्षेबाहेर हलवावे. हा बदल प्रत्येक सर्व्हरावर पोंचल्याची खात्री होईपर्यंत थांबावें, आणि मगच निवडलेल्या फोल्डरास त्याचें मूळ नांव द्यावें. कारण उघड आहे. जुनें नांव सुटल्याची बातमी दूरच्या सर्व्हरास पोंचण्याआधीं नवा दावेदार तेथें गेला, तर तो सर्व्हर पुन्हां दोन फोल्डर पाहील आणि पुन्हां एकाला शेपूट लावील. बराच वेळ खर्चून सोडविलेली गांठ मग पुन्हां पहिल्यासारखी बसते.

कारण शोधल्यावांचून मात्र काम पुरें झालें असें मानूं नये. बहुधा दोष अतिउत्साहाचा असतो. एखाद्या सर्व्हरावर फोल्डर पोंचण्यास उशीर झाला, कीं कोणी तरी तो तेथें हातानेंच करून ठेवितो, आणि मागाहून खरा येऊन त्याच्यावर आदळतो. कधीं प्रत्येक सर्व्हरावर तोच फोल्डर निर्माण करणारी आज्ञावली चालविलेली असते. एफआरएसच्या काळांत आणखी एक मोठें कारण असे. बिघाडानंतर सारें पुन्हां उभें करतांना ‘डी४’ ही खूण, म्हणजे हीच प्रत प्रमाण असा दावा, एकाच सर्व्हरावर करावयाची आणि बाकीच्यांवर ‘डी२’, म्हणजे दुसऱ्याची प्रत स्वीकारण्याची कबुली, असा नियम होता. दोन सर्व्हरांवर डी४ केलें, कीं एका गादीवर दोन वारस बसत, आणि शेपटीच्या फोल्डरांची रांग लागे.

पुढें काळ बदलला. २००५ च्या अखेरीस विंडोज सर्व्हर २००३ आर२ या आवृत्तीबरोबर डीएफएस रेप्लिकेशन ही नवी योजना आली. २००८ च्या आवृत्तीपासून सिसव्हॉलचें कामही तिच्याकडे देतां येऊं लागलें, आणि २०१६ च्या आवृत्तीनंतर एफआरएस सर्व्हरांतून काढून टाकण्यांत आली. नवी योजना फाइलीचा बदललेला भागच तेवढा पाठविते, त्यामुळें वेळ व खर्च वांचतो. परंतु तंटा तिच्यांतही होतो. फक्त त्याचें रूप निराळें आहे. एका फाइलीवर दोन ठिकाणीं लेखन झालें, तर शेवटचें लेखन जिंकतें. एका नांवाचे दोन दावेदार आले, तर ज्याचा जन्म आधीं त्याला नांव मिळतें. हरलेली प्रत ‘कॉन्फ्लिक्ट अँड डिलीटेड’ या लपविलेल्या फोल्डरांत, निराळ्या नांवानें, ठेवली जाते, आणि तिची नोंद एका सूचिपत्रांत होते. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून तेथील फाइली परत जागेवर आणण्याची आज्ञाही उपलब्ध आहे.

मात्र हें आश्रयस्थान कायमचें नव्हे. त्याला ठराविक मर्यादा असते. ती ९० टक्के भरली, कीं सर्वांत जुन्या प्रती काढून टाकून तें ६० टक्क्यांवर आणिलें जातें. शिवाय एका शाखेंत फाइल उघडी आहे हें दुसऱ्या शाखेस कळत नाहीं. दोघे हिशेबनीस एकाच पानावर दिवसभर खपतात, आणि संध्याकाळीं एकाचें काम मुकाट्यानें बाजूस पडतें. त्याची खबर सर्व्हराच्या नोंदवहींत ४४१२ या क्रमांकाखालीं लिहिलेली असते, पण ती वाचणारा कोणी असावा लागतो. पूर्वीं शेपूट डोळ्यांना खुपत असे. आतां तें दिसत नाहीं, म्हणून तंटा झालाच नाहीं असें समजणाऱ्याची फसगत होते.

यावरून ज्या कचेरींत प्रतिरूपण आहे तेथें तीन गोष्टी नित्याच्या असाव्या. नवा फोल्डर निर्माण करण्याचें काम एकाच सर्व्हरावर, एकाच माणसाकडे असावें; नोंदवही रोज वाचली जावी; आणि प्रतिरूपणापासून अलग अशी साठवणुकीची प्रत नियमानें काढली जावी. एवढें असलें म्हणजे एका नांवाचे दोन फोल्डर समोर आले तरी घाबरण्याचें कारण उरत नाहीं. दोन्ही उघडून पाहण्यास मग पुरेसा अवधि असतो, आणि दोहोंपैकीं एकही गमवावा लागत नाहीं.