मुंबईचे पोलीस बडोद्यात : मल्हाररावांच्या खटल्यातला अधिकाराचा प्रश्न

मल्हारराव गायकवाडांचं नाव निघालं की जुन्या बडोदेकरांत एकच वाद पेटतो : त्यांनी रेसिडेंटला विष घालायला लावलं की नाही? त्या वादात मी इथे पडत नाही. मला त्याच प्रकरणातला दुसरा प्रश्न अधिक छळतो. गायकवाडी राज्यात तपासाला मुंबईचे पोलीस आले कसे, त्यांचा हुकूम कुठपर्यंत चालत होता, आणि पुढे त्या तपासाचं जे कौतुक झालं ते कितपत खरं?

आधी घटना. ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी रेसिडेंट कर्नल फेअर फिरून आला. रोजच्याप्रमाणे पपनसाचं सरबत ठेवलेलं होतं. दोन-तीन घोट घेतल्यावर मळमळायला लागलं म्हणून उरलेलं त्याने फेकून दिलं, तर पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत त्यात सोमल नि हिऱ्याची पूड असल्याचं सांगण्यात आलं. एक गोष्ट इथेच लक्षात ठेवायची. जेमतेम आठवड्यापूर्वी, २ नोव्हेंबरला, मल्हाररावांनी याच फेअरला बदलावं म्हणून व्हाइसरॉयकडे खलिता धाडला होता. विषाचा हेतू कोणाला यातच दिसला. ज्याची बदली रीतसर मागितली त्याला कोणी विष कशाला घालील, असंही कोणी म्हटलं.

आता अधिकाराचं बघू. त्या काळचं बडोदं म्हणजे शेजारी-शेजारी दोन हद्दी. शहरात गायकवाडांची फौजदारी. शहराबाहेर, आजच्या फतेगंजच्या बाजूला, रेसिडेन्सी नि कँप, तिथे इंग्रजांचा अंमल. मुंबईच्या पोलीस कमिशनरला शहरातल्या साध्या शिपायालाही हात लावायचा हक्क नव्हता. पण सरबत रेसिडेन्सीत दिलं गेलं आणि संशय आला तो रेसिडेन्सीच्या नोकरांवर, त्यामुळे पाय ठेवायला जागा मिळाली. डिसेंबरात कमिशनर फ्रँक सूटर येऊन दाखल झाला. बरोबर अकबर अली, अब्दुल अली आणि गजानन विठ्ठल ही अनुभवी माणसं होती. दरम्यान फेअरची उचलबांगडी होऊन सर लुईस पेली आला होता.

तपास चालला तो नोकरांवरच. हवालदार रावजीने माफीचं आश्वासन मिळाल्यावर कबुली दिली, मग जमादार नरसूने. महाराजांनीच वाड्यात बोलावून पुड्या दिल्या, असं त्यांचं म्हणणं. इथे सूटरची माणसं हद्दीच्या भिंतीशी येऊन थांबली, कारण पुढचं नाव दामोदरपंतांचं, म्हणजे महाराजांच्या खासगी कारभाऱ्याचं. ते गायकवाडांचे नोकर.

ती भिंत कोणत्याही कायद्याने हटली नाही. जानेवारी १८७५ च्या मध्याला व्हाइसरॉय नॉर्थब्रुकने जाहीरनामा काढून मल्हाररावांचा अधिकार तहकूब केला, त्यांना अटक केली आणि राज्याचा कारभार पेलीच्या हाती दिला. हद्दच पुसली म्हटल्यावर अधिकाराचा प्रश्न उरलाच नाही! दामोदरपंत अटकेत पडले, आणि पहाऱ्यात सुमारे पंधरवडा काढल्यावर तेही माफीचे साक्षीदार झाले. ज्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करायचा त्याचं राज्य आधी काढून घ्यायचं आणि मग पुरावा गोळा करायचा, हा क्रम मला आजही खटकतो.

२३ फेब्रुवारीला सहा जणांचं कमिशन बसलं. सर रिचर्ड काउच अध्यक्ष. मीड आणि मेल्व्हिल हे दोन इंग्रज. आणि आपल्याकडचे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह, सर दिनकरराव. मल्हाररावांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आले. (हा सार्जंट पोलिसातला नव्हे. तिकडच्या वकिलांतली ती जुनी मानाची पदवी.)

बॅलंटाइनने बोट ठेवलं ते रावजीच्या पट्ट्यावर. उरलेली पुडी पट्ट्यात राहिली असेल, असं रावजी म्हणाला. पट्टा तोवर दुसऱ्या शिपायाच्या कमरेला होता. तो मागवला, अकबर अलीने चाचपला, आत कागद लागला, मग सूटरला हाक मारली, आणि पुडीत सोमल निघाला. एवढ्या दिवसांत ती कोणालाच कशी दिसली नाही? पट्ट्यात आधी हात कोणाचा गेला? माझी उमर साइटवर गेली. काँक्रीटचे ठोकळे तपासणीला पाठवताना नमुना घेणारा नि निकालात ज्याचा फायदा तो, हे दोघे एक असू नयेत, हा आमच्याकडचा पहिला धडा. पुडी पोलिसांनीच घातली असं मी म्हणत नाही, तेवढा पुरावा नाही. पण साहेब यायच्या आधी पट्ट्याला हात लागला, तिथेच त्या पुडीचं वजन अर्धं झालं.

कमिशन दुभंगलं. तिन्ही इंग्रजांनी आरोप मानला, शिंदे, जयपूर आणि दिनकरराव यांनी मानला नाही. तीन विरुद्ध तीन. मग एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं ते विषप्रयोगासाठी नव्हे. गैरवर्तन, अंदाधुंद कारभार आणि नालायकी ही कारणं दाखवली, आणि कमिशनच्या निष्कर्षावर हा निर्णय आधारलेला नाही, असं सरकारनेच सांगितलं. कारभार वाईट होता हे खरंच, त्यावर १८७३ मध्ये मीडचंच वेगळं कमिशन बसलं होतं. पण त्यासाठी मुंबईचे पोलीस लागत नव्हते.

कौतुकाचा मुद्दा इथे येतो. सूटर १८६४ ते १८८८ अशी चोवीस वर्षं मुंबईचा कमिशनर राहिला, पुढे 'सर' झाला. एस. एम. एडवर्ड्‌स हा स्वतः त्याच खुर्चीत बसलेला माणूस. त्याने १९२३ मध्ये मुंबई पोलिसांचा इतिहास लिहिला, आणि त्यात सूटरच्या जमान्याची वाखाणणी आहे. ती माणसं हुशार होती यात वाद नाही. पण ज्या तपासावर सरकारला स्वतःचा निर्णय उभा करता आला नाही, तो यशस्वी तपासांत जमा कसा होतो? उलट पुण्या-मुंबईत मल्हाररावांना सहानुभूती मिळाली, तीही डोळस होती असं नाही. कारभाराच्या तक्रारी करणारे रयतेतले लोक त्या गलक्यात मागेच पडले.

पन्नास वर्षांनी याच धर्तीचं प्रकरण इंदूरला घडलं. जानेवारी १९२५ मध्ये मलबार हिलवर बावला यांचा खून झाला, धागे होळकर दरबारापर्यंत गेले, आणि मुंबईत खटला चालून शिक्षा झाल्या त्या हाताखालच्या माणसांना. तुकोजीरावांपुढे चौकशी कमिशन किंवा राजत्याग असा पर्याय ठेवला गेला, आणि १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. त्यांना बडोद्याचं उदाहरण ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

बडोद्याच्या कमिशनचं कामकाज छापलेलं आहे. वाचायला घ्याल तर सुरुवातीची भाषणं सोडून थेट अकबर अलीच्या उलटतपासणीपासून सुरू करा, आणि शेजारी जाहीरनाम्यांच्या तारखा लिहून ठेवा. मल्हारराव मद्रासेत नजरकैदेत राहिले आणि १८८२ मध्ये तिथेच वारले.