वॉकर नको, पांगुळगाडा चालेल

"नातवासाठी पुण्याहून वॉकर आणते," सासूबाई फोनवर म्हणाल्या. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. तरी 'नको' म्हणायला जीभ रेटेना. कॅनडात २००४ पासून वॉकरची विक्री आणि आयात, दोन्हींवर बंदी आहे. बाळं वॉकरसकट जिन्यावरून कोसळत, म्हणून. (आमच्याकडे तळघराचा जिना आहेच.) शिवाय त्यात बसलेलं बाळ चवड्यांनी रेटत पळतं, तोल सावरायला शिकत नाही. आपला लाकडी पांगुळगाडा निराळा: आधी स्वतः उभं राहायचं, मग ढकलायचं, तेही कुणी जवळ असताना. तोवर जागेपणी पालथं घालावं, जमिनीवर खेळू द्यावं. झोपवताना मात्र उताणंच.

धीर करून हे सगळं सांगितलं. त्या क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचा माळ्यावर असेल, बघते."