माशांचे पालक : एक निराळी सरकारी चाकरी

'सरकारी नोकरी' हे शब्द आमच्या घरांत उच्चारले कीं डोळ्यांपुढें मामलेदार कचेरी, शाळाखातें, टपालखातें किंवा फार तर रेल्वे उभी राहते. मुलगा प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाला, तर 'आतां पुढें काय, मास्तरकी?' असा प्रश्न वडील मंडळी हटकून विचारतात. अमेरिकेंत मात्र मध्यवर्ती सरकारच्या पदरीं 'पर्यवेक्षक मत्स्यजीवशास्त्रज्ञ' या नांवाचें एक पद आहे. सारस्वत बंधूंची गोष्ट सोडली, तर आपणां ब्राह्मणांचा माशांशीं संबंध मत्स्यावताराच्या चित्रापलीकडे फारसा नाहीं. तेव्हां अशा मनुष्यास दिवसभर काम तरी काय असावें, असें वाटणें साहजिक आहे. तें काम एका नदीच्या उदाहरणानें सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे. मनुष्यानें आपल्या हातानें जें मोडलें, तें त्याच हातानें सांभाळतां येतें काय, आणि येत असल्यास कोठपर्यंत, हा सर्वांच्याच विचाराचा प्रश्न त्यांत गुंतलेला आहे.

कॅलिफोर्नियाच्या उत्तरेस शास्ता नांवाचा हिमाच्छादित ज्वालामुखी पर्वत आहे. त्या प्रदेशांतील सच्छिद्र खडकांतून झिरपणारें पाणी भर उन्हाळ्यांतहि गार असतें. तें मॅक्लाउडसारख्या नद्यांतून पूर्वी सरळ सॅक्रामेंटो नदीस मिळत असे. या नदींतील 'चिनूक सॅमन' नांवाचा मासा गोड्या पाण्यांत जन्मतो, लहानपणींच समुद्रांत जातो, बहुधा तिसऱ्या वर्षीं आपल्या नदींत परततो आणि अंडीं घालून तेथेंच देह ठेवतो. ज्या पाण्यांत वाढला त्याचा वास त्याच्या स्मरणांत ठसतो व त्याच खुणेनें तो आपलें घर ओळखतो. या नदींत चिनूकच्या चार शाखा निरनिराळ्या ऋतूंत येतात. त्यांपैकीं हिवाळ्यांत येणारी शाखा उन्हाळ्यांत अंडीं घालते. जगांत अन्यत्र अशी शाखा नाहीं. खालचें खोरें उन्हानें भाजत असतां अंड्यांना थंड पाणी लागतें. म्हणून डोंगरांतील ते गार झरे हेंच तिचें जीवन होतें.

१९३८ ते १९४५ या काळांत शास्ता धरण बांधलें गेलें. माशांस वर चढून जाण्याची वाट त्यांत ठेविलेली नव्हती. धरणाच्या तळचें गार पाणी सोडलें जात असल्यामुळें ही शाखा धरणाखालीं कशीबशी तग धरून राहिली. पुढें रेड ब्लफ येथील कालव्याचा बंधारा आणि १९७६-७७ चा दुष्काळ यांनीं तिला जेरीस आणलें. १९६९ सालीं परतलेले मासे लाखाहून अधिक होते. १९९० नंतरच्या कांहीं वर्षीं ते अवघे दोनशेंच्या आसपास उरले! १९८९ सालीं या शाखेस कायद्याचें संरक्षण मिळालें व १९९४ सालीं 'नष्ट होण्याच्या मार्गावर' अशी तिची नोंद झाली.

या खात्याचा इतिहास मनोरंजक आहे. १८७१ सालीं अमेरिकन सरकारनें मत्स्यआयोग नेमला; स्पेन्सर बेअर्ड हे त्याचे पहिले आयुक्त. त्यांनीं १८७२ सालीं लिव्हिंग्स्टन स्टोन या गृहस्थांस मॅक्लाउड नदीवर पाठविलें. स्टोन हे मूळचे धर्मोपदेशक. तें काम सोडून ते मत्स्यपालनाकडे वळले होते. येथील अंडीं आगगाडीनें पूर्व किनाऱ्याकडे नेऊन तिकडील नद्या माशांनीं भरून टाकाव्या, अशी त्या वेळची उमेद होती. ती फळास आली नाहीं. अंडीं उबवून हवीं तितकीं पिलें सोडलीं म्हणजे नदी समृद्ध होते, हा भ्रम पुढें अनेक वर्षें टिकला. स्टोन यांचें तें केंद्र आज शास्ता जलाशयाखालीं बुडालेलें आहे.

ही शाखा वांचविण्यासाठीं १९८९ पासून जवळच्या बॅटल क्रीक या ओढ्यावरील कोलमन केंद्रांत कांहीं मासे आणून त्यांची पिलें वाढविलीं जात. पण तीं मोठीं होऊन परतलीं तीं सॅक्रामेंटोंत नव्हे, तर बॅटल क्रीकमध्यें! ज्या पाण्यांत वाढलीं, त्याच पाण्याकडे तीं आलीं. शिवाय वसंतांत येणाऱ्या शाखेचे कांहीं मासे दिसण्यांतील साम्यामुळें बीजासाठीं घेतले गेल्याचें आढळलें. काम थांबवावें लागलें. मग १९९७ सालीं शास्ता धरणाच्या पायथ्याशीं, सॅक्रामेंटोच्याच पाण्यावर, नवें केंद्र उभें राहिलें आणि त्यास लिव्हिंग्स्टन स्टोन यांचें नांव देण्यांत आलें.

अशा केंद्रावरील पर्यवेक्षकाचें पहिलें काम निवड हें होय. खालच्या केसविक धरणापाशीं सांपळ्यांत आलेल्या माशाच्या पराचा कणभर तुकडा कापून प्रयोगशाळेंत पाठवितात व रक्ताचें नातें पटल्यावरच तो मासा बीजासाठीं ठेवितात. दुसरें काम संयमाचें. नेहमीच्या वर्षीं परतणाऱ्या माशांपैकीं शेंकडा १५ हून अधिक, आणि झाले तरी १२० हून अधिक मासे घ्यावयाचे नाहींत, असा दंडक आहे. घरांत वाढलेल्या पिलांस हौदाचें जीवन मानवतें व पिढ्यानपिढ्या तसें चाललें तर नदींत तरून जाण्याचे गुण क्षीण होतात. म्हणून एकेका मादीची अंडीं विभागून दोन नरांच्या रेतानें फलित करितात, आणि बीजासाठीं शक्य तों नदींतच उपजलेले मासे घेतात. शतपथब्राह्मणांतील मनूनें हातांत आलेला मासा प्रथम घटांत, मग खड्ड्यांत ठेविला व मोठा होतांच समुद्रांत सोडला. पालनाची सांगता सोडण्यांत होते, हेंच या खात्याचेंहि सूत्र आहे.

तिसरें काम मोजदादीचें, आणि माझ्या मतें तेंच सर्वांत महत्त्वाचें. सोडावयाच्या प्रत्येक पिलाच्या शेपटाजवळचा लहानसा मांसल पर कापतात व नाकाडांत मिलिमीटरभर लांबीची, सांकेतिक अंक असलेली तार बसवितात. उन्हाळ्यांत नावेंतून फिरून अंडीं घालून मेलेले मासे गणतात. पर कापलेला मासा सांपडला कीं डोकें नेऊन तारेवरील अंक वाचतात. रेड ब्लफला पाण्याच्या वेगानें फिरणारे सांपळे लावून समुद्राकडे निघालेलीं पिलें मोजतात. नदीनें किती दिलें आणि केंद्रानें किती दिलें, हा हिशेब त्यावरून निघतो. दुर्गंधींत उभें राहून दिवसभर हें करणारीं माणसें बहुधा तरुण असतात. त्यांस शिकविणें, त्यांच्या जिवाची काळजी वाहणें आणि त्यांच्या प्रत्येक आंकड्यास जबाबदार राहणें, हाच 'पर्यवेक्षक' या शब्दाचा खरा अर्थ.

नजर किती सावध लागते, याचें एक उदाहरण. २०२० च्या आरंभीं कोलमन येथें चिनूकचीं पिलें गोलगोल फिरूं लागलीं व मरूं लागलीं. शोधाअंतीं आढळलें कीं, समुद्रांत त्यांच्या मातांनीं अँचोव्ही जातीचे लहान मासेच फार खाल्ले होते. त्या माशांतील एक द्रव्य 'ब-१' जीवनसत्त्वाचा नाश करितें. त्या जीवनसत्त्वाच्या पाण्यांत ठेवितांच पिलें सुधारलीं. पुढें अंडीं देणाऱ्या माद्यांसच तें टोंचून देण्याची प्रथा पडली.

परंतु सर्वांत कठीण गोष्ट या अधिकाऱ्याच्या हातीं नाहीं. नदींत पाणी किती व किती गार सोडावें, हें ठरविणारें खातें निराळें. १९९७ सालीं निरनिराळ्या खोलीवरून पाणी घेण्याची योजना धरणास जोडली गेली. तरीहि २०१४ व २०१५ या दुष्काळी वर्षीं गार पाण्याचा साठा संपला आणि नदींतील अंडीं व नवजात पिलें मिळून शेंकडा ९५ च्या आसपास नष्ट झालीं. तें पाणी मागणारे भातशेतीचे व बदामाच्या बागांचे मालक कांहीं दुष्ट नव्हेत. त्यांच्याहि घरीं मुलेंबाळें आहेत. अशा वादांत शास्त्रज्ञानें कोणाचा वकील व्हावयाचें नसतें. 'इतकें पाणी इतक्या उष्णमानाचें सोडलें, तर इतकीं पिलें जगतील', एवढें निर्भयपणें सांगणें हा त्याचा धर्म. तो आंकडा कोणासहि प्रिय नसला तरी बदलतां कामा नये.

२०२२ सालीं एक आशादायक गोष्ट घडली. मॅक्लाउडकांठचे मूळ रहिवासी विनमेम विंटू लोक या माशास आपला आप्त मानतात. सरकारी शास्त्रज्ञांनीं त्यांच्यासह सुमारे ४०,००० अंडीं त्या गार नदींत नेऊन ठेविलीं. वाढलेलीं पिलें पकडून धरणाखालीं आणावीं लागलीं, हें खरें. तथापि शास्ता धरण झाल्यावर प्रथमच तिचें बीज त्या झऱ्यांच्या पाण्यांत रुजलें. पूर्वी याच नदीचीं अंडीं न्यूझीलंडला गेलीं होतीं. त्यांचे वंशज तिकडे नांदत आहेत, आणि २०१० सालीं हे लोक त्यांच्या भेटीस तेथवर जाऊन आले होते!

संस्कृतांत 'योग' म्हणजे नसलेलें मिळविणें आणि 'क्षेम' म्हणजे असलेलें राखणें. आमच्या तरुणांस योगाची वाट सर्वजण दाखवितात. क्षेमाची दाखविणारे विरळा. आपल्याकडेहि १९७५ सालीं फरक्क्याचा बंधारा झाल्यावर गंगेंत वर दूरपर्यंत जाणारा हिलसा मासा तेथेंच अडला, हें ध्यानांत घ्यावें. मुंबईस वर्सोव्याला १९६१ सालीं स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, रत्नागिरीनजीक शिरगांवास मत्स्यमहाविद्यालय आहे. घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी नदीकांठीं तासन् तास रमत असेल, तर वडील मंडळींनीं या विद्येचाहि विचार करावा. तिच्यांत थाटमाट थोडा, श्रम पुष्कळ, आणि यश मिळालेंच तर तें असें कीं, एके दिवशीं नदीस आपली गरजच उरूं नये. मुलें वाढविणाऱ्या आईबापांस हें यश अपरिचित नाहीं.