पाचपैकी चार

गेल्या महिन्यात आमचे पाचही सर्व्हर बंद झाले. पुण्यातल्या एका कंपनीसाठी आम्ही जुन्या मराठी वर्तमानपत्रांचा शोध बांधला होता. त्याचा इंडेक्स या पाच यंत्रांवर वाटून ठेवलेला असे. त्या जागी आता प्रश्नाचं तयार उत्तर लिहून देणारी व्यवस्था आली आहे. जुन्या जालन्यात, गांधी चमनजवळच्या आमच्या घरी बसून मी तिला पहिला प्रश्न विचारला : १९७२च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात काय परिस्थिती होती? चार गुळगुळीत वाक्यं आली. ती महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याला लागू पडली असती. किती ठिकाणी पाहिलं, कुठे पाहायचं राहिलं, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

आमच्या शोधात निकालांच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ यायची : ‘पाचपैकी चार ठिकाणांहून उत्तर आलं.’ ती ओळ मी लिहिली होती. आज तिची फार आठवण येते आहे.

ती ओळ लिहिण्याआधीची वर्षं भराभर सांगून टाकते. डग कटिंगने ल्युसीन हे शोधाचं इंजिन लिहून खुलं केलं. योनिक सीलीने २००४मध्ये सीनेट कंपनीत त्यावर सोलर हा शोध-सर्व्हर उभारला आणि २००६मध्ये तो अपाचे संस्थेकडे आला. आपल्याकडे त्या काळात मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टच्या खासगी सांकेतिक भाषांत अडकून पडला होता. पडद्यावर ‘पाऊस’ दिसे, पण यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असे. तो मजकूर युनिकोडमध्ये आणण्यात आमची दोन-तीन वर्षं गेली.

खरं काम सुरू झालं २००८मध्ये. बातम्या एका यंत्रात मावेनाशा झाल्या होत्या, आणि त्याच सप्टेंबरात सोलरची १.३ आवृत्ती आली. तिच्यात एक शोध अनेक सर्व्हरांवर पाठवण्याची सोय होती. इंडेक्सचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा म्हणजे एक शार्ड. वाचकाचा शब्द एकाच वेळी पाचही शार्डांकडे जातो. प्रत्येक शार्ड आपल्याकडच्या सर्वांत जुळणाऱ्या दहा बातम्यांचे फक्त क्रमांक आणि गुण पाठवतो. मधला सर्व्हर त्या पन्नासांतून दहा निवडतो आणि तेवढ्याच दहांचा मजकूर मागवून घेतो.

हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझे वडील, अण्णा, मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, मुनीम होते. हर्राशीच्या आधी भावाचा अंदाज घ्यायला ते पाच आडतींवर पाच पोरं एकदम पाठवत. पोरं भाव घेऊन परतली की अण्णा चिठ्ठी करून शेठजींना देत. एखादा पोरगा वेळेत आला नाही तर त्याच्यासाठी खोळंबत नसत, पण चिठ्ठीच्या कोपऱ्यात न चुकता लिहीत : ‘चौघांचा भाव. एक बाकी.’ माझी ओळ त्या कोपऱ्यातून आली.

पहिलं भांडण झालं ते तुकडे कसे करायचे यावरून. आमच्या वरिष्ठांचं म्हणणं, जिल्ह्यांप्रमाणे करू. मराठवाडा एका सर्व्हरवर, कोकण दुसऱ्यावर. कागदावर ते फार नीटनेटकं दिसत होतं. मी विचारलं, जालन्याची बातमी कुठे ठेवणार? जालना जिल्हा झाला १ मे १९८१ला. त्याआधीची आमची सगळी सुखदुःखं औरंगाबाद जिल्ह्याच्या नावाने छापलेली आहेत. वाशीम आणि नंदुरबार १९९८मध्ये झाले, हिंगोली १९९९मध्ये. सरकारने रेघ हलवली की आम्ही सर्व्हर हलवायचे का?

दुसरं कारण अधिक खोल होतं. शोधयंत्र दुर्मीळ शब्दाला जास्त वजन देतं आणि सरसकट सापडणाऱ्या शब्दाला कमी. पण त्या काळी सोलरमधला प्रत्येक शार्ड ही दुर्मीळता फक्त स्वतःच्या बातम्यांवरून ठरवत असे. समजा, दोन्ही सर्व्हरांवर एकेक लाख बातम्या आहेत. ‘दुष्काळ’ हा शब्द मराठवाड्याच्या २०,००० बातम्यांत येतो आणि कोकणच्या २००. ल्युसीनच्या तेव्हाच्या सूत्राने कोकणातल्या ‘दुष्काळ’ शब्दाला मराठवाड्यातल्यापेक्षा जवळपास पावणेतीन पट वजन मिळतं. म्हणजे वाचकाने ‘दुष्काळ’ शोधायचं आणि पहिल्या पानावर कोकण यायचं. ज्यांनी दुष्काळ सर्वांत जास्त सोसला त्यांचीच बातमी तळाशी, आणि तीही त्यांनी तो जास्त सोसला म्हणून. मी हे आकडे फळ्यावर मांडले. मला सांगण्यात आलं की मी मराठवाड्याचा अनुशेष इंजिनिअरिंगमध्ये आणते आहे.

शोध जिल्ह्यांप्रमाणेच बांधला गेला. पुढे २०१२-१३च्या दुष्काळात लोक ‘टँकर’ आणि ‘चारा छावणी’ शोधू लागले आणि निकाल भलतीकडचे येऊ लागले, तेव्हा दोन रात्री जागून आम्ही सगळा इंडेक्स पुन्हा बांधला. या वेळी बातमीच्या क्रमांकावरून, पत्ते पिसावेत तशी वाटणी केली. पाचही सर्व्हरांवर सगळ्या जिल्ह्यांचं सारखं मिश्रण आलं आणि वजनं आपोआप जुळली. सगळ्या शार्डांची आकडेवारी एकत्र करून गुण देण्याची मागणी सोलरकडे २००९मध्येच नोंदवलेली होती. ती पुरी झाली २०१५मध्ये, ५.० आवृत्तीत. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला पाच वर्षांहून जास्त वेळ लागला, म्हणजे प्रश्न माझ्या मनचा नव्हता. तेव्हा हे कुणी मान्य केलं नाही, म्हणून आज लिहून ठेवते.

दुसरी सल भाषेची. मराठीत ‘जालना’ शोधलं तर ‘जालन्यात’, ‘जालन्याचा’, ‘जालनेकरांनी’ सापडत नाहीत, कारण आपला शब्द प्रत्यय लागण्याआधीच रूप बदलतो. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ऱ्य तर संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. हिंदी शब्दांचे प्रत्यय सोडवणारी तयार सोय ल्युसीनमध्ये २०११ला आली. तिच्या मुळाशी अनंतकृष्णन रामनाथन आणि दुर्गेश राव यांचा २००३चा निबंध आहे, आणि तो लिहिला गेला मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत. बंगालीचीही सोय पुढे झाली. मराठीची झाली नाही. २००८च्या ‘फायर’ उपक्रमात संशोधनासाठी सुमारे ९९ हजार मराठी बातम्यांचा संच तयार झाला होता, आयआयटी मुंबईत मराठी शब्दजाळं विणलं जात होतं. सामग्री होती, माणसं होती. सगळं जोडून जगाच्या हाती देणारं कुणी पुढे झालं नाही, आम्हीही नाही. आम्ही आमच्यापुरती प्रत्ययांची यादी केली आणि पाचही सर्व्हरांवर चढवली.

त्या यादीने मला एक धडा दिला. एकदा नवी यादी चार सर्व्हरांवर चढली आणि पाचव्यावर जुनीच राहिली. आठवडाभर त्या सर्व्हरवरच्या बातम्या रूप बदललेल्या शब्दांना सापडतच नव्हत्या. सर्व्हर चालू होता, वेळेत उत्तर देत होता, माझी ओळ ‘पाचपैकी पाच’ म्हणत होती. उत्तर आलं एवढ्याने ते पुरं होत नाही, हे तेव्हा उमगलं. त्यानंतर दर पहाटे पाचही सर्व्हरांना तेच वीस शब्द विचारून आकडे ताडून पाहायची मी सवय लावली.

तिसरा झगडा वेळेचा. पाचांपैकी सर्वांत हळू सर्व्हर जेवढा वेळ घेईल, तेवढा वेळ वाचक थांबणार. गूगलच्या जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३मध्ये यावर लिहिलं. एकेक सर्व्हर शंभरात एकदाच रेंगाळत असला, तरी शंभर सर्व्हरांना विचारणाऱ्या शोधांपैकी ६३ टक्के रेंगाळतात. आम्ही दोन सेकंदांची मर्यादा घातली. तेवढ्यात जो आला नाही त्याला वगळायचं आणि वाचकाला तसं सांगायचं.

ते सांगणंच वरच्यांना खुपलं. ग्राहकाला आपली उणीव कशाला दाखवायची, असं दर बैठकीत निघे. मी म्हणायची, एक पंचमांश बातम्या न पाहता दिलेलं उत्तर पुरं म्हणून देणं हीच उणीव आहे, ओळ नव्हे. २०१८मध्ये पानाची नवी मांडणी झाली, त्यात ओळ गेली. तोवर आम्ही सोलर सोडून इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रावर आलो होतो, आणि त्याच्या प्रत्येक उत्तरात किती शार्डांना विचारलं, किती यशस्वी, किती अयशस्वी, हे आकडे येतच होते. यंत्र प्रामाणिकपणे सांगत राहिलं. आम्ही ते वाचकापर्यंत पोचू दिलं नाही. त्या वर्षी मी काम सोडलं.

आता उत्तर लिहून देणाऱ्या व्यवस्थेचं कौतुक चाललं आहे. तिच्या पोटातही कुठेतरी शोध असणार, तो कितीतरी सर्व्हरांवर वाटलेला असणार, त्यातले काही वेळेत आले नसणार. ते सगळं चार वाक्यांच्या खाली गाडलं जातं. पूर्वी दहा निकालांत वाचकाला स्वतः शोधता यायचं. पटलं नाही तर तो शब्द बदलून पाहायचा. आता त्याने फक्त मान डोलवायची.

१९७२च्या बातम्या आहेत. त्या औरंगाबाद जिल्ह्याच्या मथळ्यांखाली आहेत, कारण तेव्हा जालना जिल्हा नव्हता. आमच्या शोधातून त्या मला सापडल्या होत्या, मी त्या वाचल्या आहेत. नव्या व्यवस्थेला त्या नाही सापडल्या, याचा मला राग नाही. आमचाही शोध अनेकदा चुकला. माझं मागणं एवढंच आहे की चार वाक्यांच्या खाली, कोपऱ्यात, कितीही बारीक अक्षरांत असो, लिहा : कुठे पाहिलं, आणि कोण बाकी आहे.