आत्याचा गुडघा आणि संगणकाचे गणित

आमच्या थोरल्या आत्याचा गुडघा गेल्या वर्षी बदलला. कांदिवलीच्या बाजारात ती पुन्हा स्वतःच्या पायांनी जाऊ लागली, याचा घरात सर्वांनाच आनंद झाला. परंतु डॉक्टरांनी बजावले होते, जमिनीवर मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही. आत्याने आम्हांलाच विचारले, "हा गुडघा करणाऱ्याने मांडी घालून बसणारी माणसं पाहिली नव्हती का रे?"

आम्ही पडलो कारकून. तरी या प्रश्नाचा माग काढला. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

नवा सांधा तयार करताना आधी संगणकावर त्याची प्रतिकृती करतात. सीटी स्कॅनवरून हाडाचा आकार उतरवून त्याचे हजारो बारीक भाग पाडतात. कोणत्या भागावर किती ताण येईल, हे संगणक गणिताने काढतो. या पद्धतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव १९६० साली मिळाले आणि १९७२ साली ती हाडांसाठी वापरली गेली. आपल्या आकुर्ली रोडवर ट्रॅक्टरचा कारखाना आहे. ट्रॅक्टरचा भाग कोठे मोडेल हे ज्या गणिताने कळते, त्याच गणिताने हाड कोठे पिचेल तेही कळते.

मग यंत्रावरची परीक्षा. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. तेवढा भार देऊन आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कृत्रिम गुडघा ५० लाख वेळा हलवतात आणि झीज मोजतात. मात्र ही परीक्षा सपाट रस्त्यावरच्या चालीची. तिच्यात गुडघा सुमारे ६० अंशच वाकतो. मांडी घालायला किंवा उकिडवे बसायला तो साधारण दुप्पट, कधी त्याहूनही जास्त वाकावा लागतो. अधिक वाकणारे सांधे आता निघाले आहेत, पण आत्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच मिळते.

आम्हां हिशेबनिसांना याचे नवल वाटले नाही. तेरीज जुळली म्हणजे वह्या बरोबर असे नसते. जी नोंद केलीच नाही, ती तेरजेत दिसत नाही. संगणकही विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देतो. म्हणून प्रश्न कोण विचारतो, याला महत्त्व आहे.

हे काम परदेशातच चालते असे नाही. पवईच्या आयआयटीत 'बेटिक' हे केंद्र २०१४ पासून आहे. तेथे यंत्र अभियंते आणि डॉक्टर एकत्र बसून उपकरणे घडवतात. हाडाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी देशी बनावटीचा गुडघा तयार करण्याचे कामही पवईत झाले आहे.

पालकांना आमचे एकच सांगणे आहे. मुलगी मेकॅनिकलला जाते म्हणाली, तर "ते मुलांचे काम" म्हणून तिला मागे ओढू नका. गणित कच्चे असेल, तर रविवारी वस्तीच्या अभ्यासिकेत पाठवा, आम्ही बसतोच. जिच्या घरी जेवायला जमिनीवर पंगत बसते, तिला हा प्रश्न कोणी शिकवावा लागणार नाही.

आत्या मात्र अजून पंगतीच्या कडेला खुर्ची घेऊन जेवते.